प्लेटवर हॅलो एक नंबर, कुंडीत शून्य. पीएसबी काळ्या मातीत काऊन काम करत नाही?

मातीवाली_पोर

नमस्कार मंडळी. मी एमएस्सी मायक्रोच्या शेवटच्या वर्षाला, यवतमाळ जिल्ह्यातलं तालुक्याचं कॉलेज. प्रोजेक्ट पीएसबीवर आहे म्हणजे फॉस्फेट विरघळवणारे बॅक्टेरिया. आमच्याच वावरातली तुरीची झाडं उपटून मुळाला चिकटलेली माती घेतली, डायल्युशन करून पिकोव्हस्काया अगरवर (न विरघळलेलं कॅल्शियम फॉस्फेट टाकलेला मिडिया) टाकली, अन् एक कॉलनी अशी निघाली की तिच्याभोवती बोटाच्या पेराएवढा साफ हॅलो, बाकी प्लेट दुधाळ पांढरी अन् तेवढ्या भागातून खाली ठेवलेल्या पेपरातली अक्षरं वाचता येतात. ग्राम निगेटिव्ह, ऑक्सिडेज पॉझिटिव्ह, किंग्ज बी वर यूव्हीखाली हिरवट चमकते, म्हणून फ्लुरोसंट स्युडोमोनास धरून चालली आहे.

ब्रॉथमध्ये पण मस्त. सुरुवातीचा पीएच ७, मग उतरत उतरत ४ च्या खाली, मॉलिब्डेनम ब्लू (विरघळलेलं फॉस्फेट मोजायची टेस्ट) केलं तर ट्यूब गच्च निळी. इथपर्यंत सगळे खुश.

मग कुंड्या भरल्या. त्याच वावरातली काळी माती, तुरीचं बियाणं, अर्ध्या कुंड्यांत जिवंत कल्चर अन् अर्ध्यांत ऑटोक्लेव्ह करून मारलेलं, खत काहीच नाही. फुलोऱ्याच्या आधी उपटून पाहिलं तर उंची सारखी, वाळलेलं वजन सारखं, मातीतला ऑल्सेन फॉस्फरस (म्हणजे झाडाला मिळू शकणारा) पण सारखाच. काहीच फरक नाही म्हणजे काहीच नाही.

अजून एक. ब्रॉथ शेकरवर तसाच राहू दिला तर काही दिवसांनी पीएच परत वर चढून राहिला अन् निळा रंग पण फिक्का होऊन राहिला. मॅडम म्हणतात कंटॅमिनेशन, पण स्ट्रीक केलं तर तीच कॉलनी येते.

सबमिशन जवळ आलं आहे, त्यामुळे "दुसरा आयसोलेट घे" हे सोडून काही असेल तर सांगा प्लीज.

प्लेटवाला_भाऊ

माती निर्जंतुक केली होती का? नसेल केली तर मातीतल्या जुन्या पब्लिकने तुझ्यावाल्याला टिकूच दिलं नसेल. पहिले काऊंट घे मग बाकीचं बोलू.

मातीवाली_पोर

भाऊ काऊंट घेतला. मातीतल्या बाकीच्यांतून ओळखता यावा म्हणून रिफाम्पिसिन (अँटिबायोटिक) रेझिस्टंट म्युटंट करूनच टाकला होता, त्याचा हॅलो मूळ स्ट्रेनएवढाच आहे हे पण आधी बघितलं. मुळाच्या मातीत ग्रॅमला १० चा ६ वा घात एवढा सापडतो. म्हणजे मेला नाही, जिवंत आहे, फक्त काम करत नाही.

खारपाणपट्टेकर

ताई, बॅक्टेरियाकडे नंतर येऊ, आधी माती बघा. मी अकोल्याकडचा, सॉइल केमिस्ट्रीवाला, त्यामुळे मला दोष मातीतच दिसणार हे गृहीत धरा.

आपली काळी माती म्हणजे बेसाल्टची झीज. स्मेक्टाइट चिकणमाती भरपूर, पीएच साधारण ७.५ ते ८.५ आणि वरून चुना. तुमच्या वावरात चुना किती ते माती परीक्षणाच्या कागदावर असेल, पण हिशोबापुरतं ५ टक्के धरू, आपल्या भागात हे काही फार नाही. म्हणजे एक किलो मातीत ५० ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे अर्धा मोल, म्हणजे १ मोल आम्ल गिळायची ताकद.

आता पिकोव्हस्काया. त्यात ग्लुकोज लिटरला १० ग्रॅम, म्हणजे साधारण ५५ मिलिमोल. तुमच्या बॅक्टेरियाने शेवटच्या कणापर्यंत सगळ्या ग्लुकोजचं ग्लुकोनिक आम्ल केलं तरी एका रेणूमागे एकच आम्ल, म्हणजे ५५ मिलिमोल. किलोभर मातीतला चुना संपवायला लागतात १००० मिलिमोल. अख्खा लिटरभर ब्रॉथ त्या मातीत ओतला तरी अठराव्या हिश्श्याच्या आसपासच काम होतं. आणि लिटरला १० ग्रॅम साखर मातीत कोण ठेवतंय?

अर्थात बॅक्टेरियाला सगळी कुंडी आंबट करायची नसते, मुळाच्या अंगालगतचा मिलिमीटरभर भाग आंबट झाला तरी पुरे. पण चुन्याचे बारीक कण तिथेही असतातच ना.

एक साधा प्रयोग करा, अर्ध्या दिवसात होतो. ५ ग्रॅम माती २५ मिली पाण्यात हलवा, पीएच मीटर लावा, ०.१ नॉर्मल हायड्रोक्लोरिक ॲसिड थोडं थोडं टाकत दर वेळी थांबून रीडिंग घ्या. चुना सावकाश विरघळतो, म्हणून थांबणं महत्त्वाचं, घाई केली की आकडा खोटा येतो. मग तेच कोऱ्या पिकोव्हस्काया ब्रॉथला करा. दोन्ही रेषा एकाच ग्राफवर काढल्या की थिसिसचं एक प्रकरण तिथेच झालं. त्याच्याही आधी कोरड्या ढेकळावर ॲसिडचे दोन थेंब टाका, फसफसलं तर उत्तर अर्धं मिळालं.

आणि ऑल्सेनचं म्हणाल तर ती टेस्ट पीएच ८.५ च्या बायकार्बोनेटने होते, आपल्या मातीला तीच योग्य आहे, पण मुळालगत होणारा छोटा फरक कुंडीभर मातीत मिसळून मोजला तर दिसत नाही. मुळाला चिकटलेली माती झटकून वेगळी मोजा, आणि झाडातला फॉस्फरस मोजा. नुसती उंची आणि वजन बघून काही कळायचं नाही.

ग्लुकोनेट_गजू

साहेबांनी मातीचा हिशोब बरोबर मांडला, आता मी बॅक्टेरियाची बाजू सांगतो. लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

पहिले तुह्या पीएच परत चढण्याचं, कारण त्यातच बाकीचं सगळं आहे. मॅडमले सांग कंटॅमिनेशन नाही.

स्युडोमोनासले ग्लुकोज दिलं की तो ते सगळं आत घेऊन मग खाते असं नाही. त्याच्या आतल्या मेंब्रेनवर, पेरिप्लाझमकडे तोंड करून, ग्लुकोज डिहायड्रोजिनेज बसलेलं असते, त्याचा कोफॅक्टर पीक्यूक्यू. ग्लुकोज पेशीत शिरायच्या आधीच बाहेरच्या बाहेर त्याचं ग्लुकोनिक ॲसिड करून टाकते अन् इलेक्ट्रॉन सरळ युबिक्विनोनले देते, तिथून रेस्पिरेटरी चेन. काही ग्लुकोनेटचं पुढे २-किटोग्लुकोनेट होते. तुही प्लेट साफ होते ती याच्यानं. ई. कोलायजवळ या एन्झाइमचं प्रोटीन आहे पण पीक्यूक्यू बनवता येत नाही, म्हणून ते बिनकामाचं पडून राहते, बाहेरून पीक्यूक्यू दिलं तर चालू होते. १९८७ मध्ये गोल्डस्टीन अन् लिऊ यांनी एर्विनिया हर्बिकोलाचा जीन ई. कोलायमध्ये टाकला तर तो फॉस्फेट विरघळवाले लागला, अन् नंतर समजलं की तो जीन पीक्यूक्यू बनवण्याचाच होता. म्हणजे आपण ज्याले "फॉस्फेट विरघळवण्याचा गुण" म्हणतो तो बऱ्याच ठिकाणी साखर खायच्या पद्धतीचा गुण आहे. बॅक्टेरिया तुरीसाठी काही करून नाही राहिला, तो आपलं जेवण करून राहिला.

असं उष्टं जेवण काऊन? कारण स्युडोमोनासजवळ फॉस्फोफ्रुक्टोकायनेज नाही, बुकातला नेहमीचा ग्लायकोलिसिस त्याले पूर्ण करता येत नाही. तो एन्टनर-डाउडोरॉफच्या रस्त्यानं जाते, १९५२ मध्ये हा रस्ता सापडला तोही स्युडोमोनासमध्येच. त्या रस्त्यावर एका ग्लुकोजमागे एटीपी एकच सुटते, ग्लायकोलिसिसमध्ये दोन. मग बाहेरच ऑक्सिडाइझ करून इलेक्ट्रॉन झटपट चेनले देणं परवडते, वरून ज्या शेजाऱ्याले ग्लुकोनेट खाता येत नाही त्याच्या तोंडचा घास पण गेला. ग्लुकोज संपलं की तेच ग्लुकोनेट आत घेऊन ६-फॉस्फोग्लुकोनेट करून सावकाश खाते. ॲसिड खाऊन टाकलं म्हणून पीएच वर. पीएच वर गेला की विरघळलेलं फॉस्फेट कॅल्शियमसोबत परत खाली बसते, थोडं पेशींनी पण घेतलेलं असते. म्हणून तुह्या ट्यूबचा निळा रंग फिक्का.

हे दाखवायचं असेल तर रोज थोडा ब्रॉथ काढून पीएच, फॉस्फेट अन् ग्लुकोज तिन्ही मोज. ग्लुकोज डीएनएसनं (रिड्युसिंग साखरेची टेस्ट) नको मोजू बरं, २-किटोग्लुकोनेट पण रिड्युसिंग आहे, तुले वाटन साखर उरली आहे. पॅथॉलॉजीवाल्याकडची ग्लुकोज ऑक्सिडेजची किट घे, ती फक्त ग्लुकोज पकडते.

आता मातीचं. १९९८ मध्ये बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातल्या ज्ञानेश्वर, नरेश कुमार अन् पारेख यांनी नेमका हाच प्रश्न घेतला होता. साध्या मिडियात फॉस्फेट विरघळवणारे बॅक्टेरिया मिडियात बफर (पीएच सहजी बदलू न देणारं द्रावण) टाकला की थंड पडतात हे त्यांनी दाखवलं. म्हणून पुढे त्यांनी शोधायची पद्धतच बदलली, बफर असलेल्या प्लेटमध्ये मिथाइल रेड टाकून जो एवढ्या बफरमध्ये पण लाल झोन देईल तोच उचलायचा. त्यातून एन्टेरोबॅक्टर ॲस्ब्युरिए पीएसआय-३ निघाला, जवळपास ५० मिलिमोलर ग्लुकोनिक ॲसिड काढणारा, अन् तो कुठून निघाला माहित आहे का, तुरीच्याच मुळाजवळून. त्याचं ग्लुकोज डिहायड्रोजिनेज फॉस्फेटची उपासमार झाली की वाढते हे १९९९ च्या पेपरमध्ये आहे. हे दोन्ही पेपर काढून वाच, तुह्या डिस्कशनचा पाया तोच.

प्लेटमध्ये अजून एक लबाडी आहे, अमोनियम सल्फेट. बॅक्टेरिया अमोनियम घेते तवा प्रोटॉन बाहेर टाकते, म्हणजे ॲसिडची मदत फुकट. आपल्या हवेशीर काळ्या वावरात नायट्रोजन बहुतेक नायट्रेट होऊन बसलेला असते, अन् नायट्रेट घेतलं की उलट पीएच चढते. सल्फेटच्या जागी पोटॅशियम नायट्रेट टाकून हॅलो पाहा, मले तर वाटते तिथंच अर्धा होईल.

प्लेटवाला_भाऊ

गजूभौ भारी. एक भर. प्लेटमधलं ट्रायकॅल्शियम फॉस्फेट स्वतःच सोपा पेपर आहे. २०१३ मध्ये बाशान अन् त्यांच्या सोबतच्यांनी स्पष्टच लिहिलं होतं की याच्यावर निवडलेल्याला सरसकट पीएसबी म्हणणं चुकीचं, मातीतलं फॉस्फेट कुठे लोखंडासोबत, कुठे ॲल्युमिनियमसोबत, कुठे जुनाट ॲपेटाइटमध्ये. रॉक फॉस्फेट टाकून पाहा.

मातीवाली_पोर

बापरे, एवढं कोणी वर्गात सांगितलं नव्हतं. ढेकळावर ॲसिड टाकून पाहिलं, चांगलंच फसफसलं.

पण गजूदादा, एक शंका. तुरीच्या मुळातून पण साखर निघते ना? मग बॅक्टेरियाला तिथे ग्लुकोज मिळतच असेल. चुन्याने ॲसिड मारलं हे समजलं, पण ॲसिड बनतं तरी का हे कसं समजायचं?

ग्लुकोनेट_गजू

हा खरा प्रश्न आहे, अन् मले याच्यातच जास्त मजा येते.

मुळातून नुसती साखर नाही निघत, मॅलेट, सक्सिनेट, सायट्रेट, अमिनो ॲसिड असं सगळं मिसळून निघते. आता १९४१ मधलं मोनोचं डायॉक्सी आठव. ई. कोलायले ग्लुकोज अन् लॅक्टोज सोबत दिलं तर पहिले ग्लुकोज, मग थोडा थांबा, मग लॅक्टोज. आपण सगळे तेच पाठ करतो अन् समजून बसतो की सगळ्याच बॅक्टेरियाले ग्लुकोज पहिले पाहिजे. स्युडोमोनास उलटा आहे. त्याले सक्सिनेट-मॅलेट आधी पाहिजे, ग्लुकोज नंतर. क्रक नावाचं प्रोटीन एचएफक्यूसोबत बसून ग्लुकोजच्या रस्त्यावरच्या एन्झाइमांचे एमआरएनए ट्रान्सलेट होऊ देत नाही, जोवर सेंद्रिय आम्लं आहेत तोवर. म्हणजे मुळाजवळ ग्लुकोज समोर असूनही तो तिकडे पाहत नसेल. अन् मॅलेट खाल्लं की ॲसिड बनत तर नाहीच, वरून पीएच चढते.

पाहायचं कसं तर एक साधी प्लेट. पिकोव्हस्कायात ग्लुकोज तेवढंच ठेव, सोबत सोडियम सक्सिनेट टाक, एका प्लेटमध्ये थोडं, एकीत जास्त. हॅलो लहान होत गेला अन् कॉलनी मात्र तेवढीच वाढली तर समज तुह्यावाला आधी सक्सिनेट खाऊन राहिला. पण सक्सिनेट खाताना स्वतःच पीएच चढवते, त्यामुळे हॅलो त्याच्यानं पण घटू शकते. दोन्ही वेगळं करायचं असेल तर ब्रॉथमध्ये ग्लुकोज किती उरलं ते त्या किटनं मोज. ग्लुकोज तसंच अन् सक्सिनेटवर वाढ झाली तर रिप्रेशन, म्हणजे क्रकची अडवणूक, ग्लुकोज संपलं अन् तरी ॲसिड नाही तर वेगळी गोष्ट.

दुसरं म्हणजे ग्लुकोज कमी कर. लिटरला १० च्या जागी १ ग्रॅम. बरेच "एक नंबर" स्ट्रेन तिथंच आडवे होतात.

वावरवाला_काका

मी काही सायन्सवाला नाही, दारव्ह्याकडं शेती करतो, सोबत लहानसं कृषी केंद्र आहे. पोट्ट्याने हा धागा दाखवला म्हणून लिहून राहिलो.

दोन गोष्टी इचारतो. आमच्या लहानपणी हरभऱ्याच्या वावरात रातच्याले धुतलेलं धोतर पसरवून ठेवत अन् पहाटे पिळून आंब काढत, बाटलीत भरून ठेवत, पोट दुखलं की तेच औषध. जिभेले लावलं तर झिणझिण होते एवढी आंबट. तर ती आंब मुळातून पण निघते का? कारण आमच्याकडं हरभरा कमी खतात पण बरा येते.

दुसरं, पीएसबीचं पाकीट आम्ही दर साल इकतो, २५० ग्रॅम दहा किलो बियाण्याले, गुळाच्या पाण्यात कालवून. तुम्ही म्हणता काळ्या मातीत ॲसिड चालत नाही, म्हणजे हे विहिरीत लिंबू पिळल्यासारखं झालं का? लोकायले काय सांगू मी?

खारपाणपट्टेकर

काका, पहिलं बरोबर ओळखलंत. हरभऱ्याच्या मुळातूनही सायट्रेट, मॅलेट, मॅलोनेट निघतं. त्यातलं सायट्रेट कामाचं, कारण ते नुसतं आम्ल नाही, कॅल्शियमला धरून ठेवतं, आणि पीएच फार न उतरताही फॉस्फेट सोडवू शकतं. ग्लुकोनेटची ही पकड आपल्या पीएचला त्या मानाने कमकुवत. म्हणून मी ताईंना म्हणेन की आयसोलेट कोणतं आम्ल काढतो हेही बघा, नुसतं किती काढतो एवढंच नको. कॉलेजात एचपीएलसी नसेल तर पेपर क्रोमॅटोग्राफी चालते, जुनी पद्धत आहे पण ब्रोमोक्रेसॉल ग्रीन फवारल्यावर ठिपके छान दिसतात.

तुरीची गोष्ट वेगळी. १९९० मध्ये हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या शेती संशोधन संस्थेतून आलेलं काम आहे, तुरीच्या मुळातलं पिसिडिक आम्ल लोखंडाला बांधलेलं फॉस्फेट सोडवतं. पण ते लाल मातीत कामाचं, तिथे फॉस्फेट लोखंडासोबत असतं. आपल्या काळ्या मातीत ते बहुतेक कॅल्शियमसोबत. तूर कमी स्फुरदात भागवते असं जे सगळीकडे छापून येतं त्यात माती कोणती होती हे कोणी लिहीत नाही, यावर माझा जुना राग आहे.

ग्लुकोनेट_गजू

काका, पाकिटाचं सरळ सांगतो. पाकीट टाकलं म्हणून स्फुरदाचं खत बंद करा असं कोणी सांगत असेल तर त्याचं ऐकू नका. पण विहिरीतलं लिंबू पण नाही म्हणणार मी. हे बॅक्टेरिया ॲसिडशिवाय बाकीचं पण करतात, काही आयएए नावाचं वाढीचं हार्मोन काढतात त्याच्यानं बारीक मुळ्या वाढतात अन् मुळी जास्त मातीपर्यंत पोचते, काही फॉस्फेटेज एन्झाइम काढून शेणखतातलं सेंद्रिय फॉस्फेट मोकळं करतात, त्याले पीएच उतरायची गरज नाही. म्हणून ज्याच्या वावरात शेणखत-कंपोस्ट पडते तिथं द्यायले माही हरकत नाही. तुम्ही दुकानात फक्त एवढं पाहा की पाकीट टिनाच्या शेडखाली तापत ठेवू नका, तारीख पाहून इका, अन् बुरशीनाशक लावायचं असेल तर ते पहिले, बियाणं सावलीत सुकलं की मग कल्चर, दोन्ही एकत्र कालवू नका.

वावरवाला_काका

शेड टिनाचंच आहे. आत घेतो पाकिटं.

मातीवाली_पोर

मॅडमशी बोलली. त्या म्हणाल्या कुंडीचा निगेटिव्ह रिझल्ट तसाच लिही, अन् त्याच्यामागे बफर, नायट्रेट अन् सक्सिनेटच्या प्लेट लाव. बफरसाठी लागणारं ट्रिस कॉलेजात नाही, मागवावं लागेल, लिटरला किती लागेल? अन् इथे दुपारी लाइट जाते, शेकर बंद पडतो, त्याने ॲसिडवर फरक पडेल का?

ग्लुकोनेट_गजू

१०० मिलिमोलर करायचं तर लिटरला १२.१ ग्रॅम ट्रिस, हायड्रोक्लोरिक ॲसिडनं पीएच ८ ले आण. सोबत ट्रिस कमी अन् ट्रिस बिलकुल नाही अशा पण प्लेट ठेव, काही बॅक्टेरियाले ट्रिसच सोसत नाही, मग तू बफरले दोष देशील अन् कॉलनीच वाढलेली नसन.

लाइटचा फरक पडते, चांगलाच पडते. ग्लुकोज डिहायड्रोजिनेजचे इलेक्ट्रॉन शेवटी ऑक्सिजनकडं जातात, शेकर थांबला की हवा मिळत नाही अन् ॲसिड बनणं मंदावते. रात्री लाइट टिकत असेल तर संध्याकाळी इनॉक्युलेट कर. फ्लास्कमध्ये ब्रॉथ पाचव्या हिश्श्याच्या वर भरू नको. अन् लाइट कधी गेली कधी आली ते वहीत लिहून ठेव, दोन फ्लास्कचे आकडे जुळले नाहीत तर कारण तिथं सापडते.

प्लेटवाला_भाऊ

रॉक फॉस्फेटच्या प्लेट करशील तर ते बारीक दळून चाळून घे, ऑटोक्लेव्ह वेगळं कर, अन् अगर ओतायच्या वेळी फ्लास्क सारखा फिरवत राहा. नाहीतर पहिल्या प्लेटी कोऱ्या जातात अन् शेवटच्या प्लेटीत सगळा गाळ, मग हॅलो मोजताना कोणत्या प्लेटीवर भरोसा ठेवायचा तेच समजत नाही.